पाइपाशेजारचं शून्य

बुरुलच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या पडद्यामागे, एक जाड लोखंडी पाइप आहे. तो जमिनीतून वर येतो आणि छतात जातो. नोव्हेंबर ते मार्च त्यातून गरम पाणी फिरतं आणि इमारतीची तिन्ही मजल्यांवरची माणसं त्याला पाठ लावून बसतात. पाइपाशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं एक शून्य काढलेलं आहे. खाली तारीख आहे, चौदा ऑक्टोबर एकोणनव्वद. त्या दिवशी बुरुल नवरा आणि सासूबरोबर ह्या घरात राहायला आली. नवरा कपाट जिन्यातून वर आणत होता, सासू कोणत्या कोपऱ्यात काय ठेवायचं ते सांगत होती, आणि चहाची किटली सापडायच्या आधी बुरुलनं आपला मीटर शोधून पाइप आणि भिंतीतल्या प्लगची न्यूट्रल तार यांच्यामधला विजेचा दाब मोजला. शून्य आला. तो तिनं लिहून ठेवला. पुढे भिंत चार वेळा रंगवली गेली. चारही वेळा रंगारी त्या शून्याच्या कडेकडेनं ब्रश फिरवून गेला, कारण त्याला तसं बजावलेलं होतं.

बिश्केकमधल्या ह्या वयाच्या इमारतींत प्लगला दोनच भोकं असतात. तिसरं, अर्थिंगचं, बांधणाऱ्यांच्या मनात आलं नव्हतं. म्हणून ज्याला अर्थिंग हवं तो पाइपाचा रंग खरवडतो, लोखंड चमकायला लागलं की त्यावर पट्टी आवळतो आणि तिला तार जोडतो. पाइप तळघरात जातो, तळघरातून जमिनीत. जमिनीपाशी सगळ्यांचं सगळं संपतं, विजेचंही. बुरुल माणसांवर बेतानं विश्वास ठेवायची. पाइपावर पूर्ण.

बावीस वर्षं ती रेडिओच्या कारखान्यात होती. तिसऱ्या विभागात, शेवटच्या टेबलावर. तयार झालेला प्रत्येक संच तिच्यापुढे यायचा, ती कानाला हेडफोन लावायची, आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवायची आणि काही ऐकू येत नाही ना, ते ऐकायची. तिला पगार ऐकू न येण्याचा मिळतो, असं नवरा म्हणायचा. हे काम तिला क्लाव्दिया स्तेपानोव्हनानं शिकवलं. जाडजूड बाई, नाकावर पीठ लागल्यासारखी पावडर. तिनं शिकवलं की आवाज दोन प्रकारचे. एक हुंकार, खालच्या सुरातला, पोट भरलेल्या बैलासारखा, तो ट्रान्सफॉर्मरचा. दुसरी माशी. डब्यात अडकलेल्या माशीसारखी कोरडी भणभण. ती कुठून येईल सांगता येत नाही. हुंकार माफ करता येतो, माशी नाही.

आणि तिनं आणखी एक शिकवलं होतं. "कमी ऐकू येणं हे म्हातारपण, पोरी. त्याला इलाज आहे, जवळ सरकून बसायचं. पण दोष शोधणाऱ्या कानाला एक दिवस नसलेला दोष ऐकू यायला लागतो. तो दिवस आला की उठायचं."

क्लाव्दियाचा तो दिवस एप्रिलमध्ये आला. सकाळपासून तिनं लागोपाठ अकरा चांगले संच नापास केले. बारावा समोर आल्यावर तिनं हेडफोन काढून खिळ्याला अडकवले, कोट चढवला आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली ती केक घेऊन, सगळ्यांचा निरोप घ्यायला. बुरुलनं तो केक खाल्ला आणि त्या खुर्चीवर बसली.

कारखाना बंद पडला. मग बुरुलनं बाजारात मोजे विकले, पडदे शिवले, नवऱ्याला पोचवलं, मुलाला वाढवून परदेशी धाडलं. आणि साठीला टेकली तेव्हा जगाला पुन्हा तबकड्या ऐकायची हुक्की आली. रेकॉर्डच्या सुईतून येणारा आवाज इतका अशक्त असतो की त्याला आधी एका छोट्या प्रीअँपनं हाताला धरून उभं करावं लागतं, मग पुढचा मोठा अँप्लिफायर त्याला चालवतो. असे प्रीअँप बुरुल स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवायची. जुन्या मीटरची पत्र्याची खोकी, हातानं कापलेल्या तारा, कथिलाचे डाग एकसारखे, मसुराच्या दाण्याएवढे. ते विकायचा गेरासिम खेगाई. तो कोरियन, तिच्याच कारखान्यातला, आता तबकड्यांच्या दुकानाचा मालक. दुकान ट्रॉलीबसच्या वळणावर असल्यामुळे तिथे शांतता कधीच नसायची, पण गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "घरी जा, सुई उचलून ठेव आणि आवाज पूर्ण वाढव. बर्फ पडून गेल्यावरचं अंगण ऐकू येईल."

एक्केचाळीस प्रीअँपपर्यंत हे खरं होतं. बेचाळिसावा गेरासिमनं स्वतःसाठी मागितला होता. तो तयार झाला नोव्हेंबरच्या शेवटी. बुरुलनं टर्नटेबल जोडलं, सुई उचलून ठेवली, आवाज वाढवला. आत माशी होती.

ती घाबरली नाही. अशा माश्या तिनं हजारांनी बाहेर काढल्या होत्या. तिनं टर्नटेबल सोडवलं आणि प्रीअँपची सुईकडची दोन्ही तोंडं तारेनं बंद केली. माशी होती. म्हणजे टर्नटेबलचा दोष नाही. ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढून तो लांब तारांवर टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेला, उभा केला, आडवा केला, कुशीवर वळवला. माशीला फरक पडला नाही. मग तिनं आतली अर्थिंगची सगळी जोडणी कापली. सात तारा, सात ठिकाणांहून आलेल्या, तिनं एकाच पितळी स्क्रूवर आणून बांधल्या, कारण वेगवेगळ्या वाटांनी जमिनीकडे जाणाऱ्या तारा आपसांत बोलत बसतात. जाळीदार तारांची जाळी एकाच टोकाला जोडलेली आहे ना, ते पाहिलं. होती. कपॅसिटर बदलले. ह्यात डिसेंबर उजाडला.

शेवटी तिनं प्रीअँपची वीजच काढून घेतली आणि त्याला बॅटऱ्यांवर चालवलं. माशी तशीच होती.

बुरुल खुर्चीवर बसली. प्रीअँपला भिंतीची वीज नाही. मग ही विजेची भणभण आली कुठून? पाइपाला जोडलेली अर्थिंगची तार काढून पाहिली तर माशी गेली, पण तिच्या जागी घरभराचा हुंकार आला, मोठा आणि बेढब. अर्थिंग काढलं की तो येणारच. तिनं तार परत जोडली. पाइपाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथे शून्य होतं, लिहिलेलं होतं.

माशीची एक खोड होती. काही वेळ ती थांबायची, मग पुन्हा सुरू व्हायची. कान थकत असेल, असं बुरुलला वाटलं. आणि हे वाटल्याबरोबर तिला क्लाव्दियाच्या नाकावरची पावडर आठवली.

तिनं गेरासिमला बोलावलं. तो आला, कारखान्याचं निळं जाकीट घालून, खांद्याला चामड्याची पिशवी, पिशवीतून मीटरच्या तारा लोंबताहेत. अंगण ओलांडून, जिना चढून, बूट काढून तो टेबलापाशी बसला. बुरुलनं आवाज पूर्ण वाढवला.

"ऐक."

गेरासिमनं ऐकलं. बराच वेळ ऐकलं. त्याच्या पोटातून एक आवाज आला, तेवढाच.

"सुंदर आहे," तो म्हणाला.

"काय सुंदर?"

"काही नाही, ते."

बुरुलनं कान पुढे केला. माशी नव्हती. "आत्तापर्यंत होती."

"पळाली असेल. मला बघून बायकासुद्धा पळायच्या."

दोघांनी चहा घेतला. माशी आली नाही. गेरासिम निघाला, अंगणातून गेला, वळणावर दिसेनासा झाला. बुरुलनं कप विसळून ठेवले. आणि मागे, टेबलावर, भणभण सुरू झाली.

दुसऱ्यांदाही हेच झालं. तिसऱ्यांदा गेरासिम दोन तास बसला, तीन कप चहा प्याला, तिच्या मुलाची चौकशी केली, स्वतःच्या गुडघ्याची माहिती दिली. मग चष्मा पुसत म्हणाला, "बुरुल, एक विचारू? रागवायचं नाही."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

"तू ही माशी ऐकायलाच बसतेस. चाळीस वर्षं तेच करते आहेस. ज्याला ऐकायचंच आहे त्याला ऐकू येतं."

"म्हणजे मला भास होतात."

"मी डॉक्टर नाही. पण माझा भाऊ गेला होता एका डॉक्टरकडे. कान धुऊन दिले. एवढा मळ निघाला."

"तुझ्या भावाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच, निघणार काय?"

गेरासिम हसला नाही. क्लाव्दियाचा केक त्यानंही खाल्ला होता. "दे तो डबा मला. मी वापरीन तसाच."

"दोष असलेला डबा माझ्या घराबाहेर जात नाही."

"दोष नाहीये, बुरुल."

शनिवारी ती स्वतः त्याच्या दुकानात गेली. तिथे नेहमीचे दोघे जुने श्रोते बसले होते, एक निवृत्त दंतवैद्य आणि एक टॅक्सीवाला. तिघांसमोर ती उभ्यानंच म्हणाली, "नवरोजच्या सणापर्यंत ही माशी मी तुम्हा तिघांना ऐकवीन. नाही ऐकवता आली तर सोल्डरिंगची सळई, मीटर, सगळे सुटे भाग ह्या दुकानात आणून ठेवीन आणि पुन्हा हात लावणार नाही." मग तिनं रुमाल बांधला आणि बाहेर पडली. दंतवैद्य म्हणाला, "एवढं काय बिघडलंय?" आणि गेरासिम म्हणाला, "तुमचे हात थरथरायला लागले तेव्हा तुम्ही दवाखाना बंद केलात ना? तेवढंच बिघडलंय."

जानेवारी गेला. फेब्रुवारी अर्धा गेला. बुरुलनं प्रीअँप पूर्ण उसवून पुन्हा बांधला. माशी पुन्हा आली, जणू बांधकामाची वाट पाहत होती. दुकानात दिलेल्या शब्दाची गोष्ट अंगणभर पसरली होती, आणि तिथे भेटणाऱ्या बायका आता तिच्याशी जरा मोठ्यानं बोलू लागल्या होत्या. खालच्या मजल्यावरचे तोलोगोन आगायही. आगाय म्हणजे गुरुजी; पंचेचाळीस वर्षं भूगोल शिकवलेला, अठ्ठ्याहत्तरीतला माणूस, आणि इमारतीचे प्रमुख. बुरुलचा मुलगा त्यांच्या हाताखालून गेला होता. तिचा नवरा वारला तेव्हा सतरा खुर्च्या त्यांनी घरोघरून गोळा करून आणल्या होत्या आणि परतही केल्या होत्या. दर हिवाळ्याला इमारतीच्या दारावर ते स्वतःच्या वळणदार अक्षरात सूचना लावायचे: आदरणीय रहिवासी, मीटरला वळसा घालून वीज वापरणं हा गुन्हा आहे आणि शेजाऱ्याचा अपमान आहे. जिन्यात ते बुरुलला थांबवून म्हणाले, "सूनबाई, कानात कोमट तेल घाला." बासष्ट वर्षांच्या बुरुलला इमारतीतले वडीलधारे अजून सूनबाईच म्हणायचे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, बुरुल खिडकीशी उभी राहून बटाटे सोलत होती. मागे माशी चालू होती. अंगणाच्या फाटकातून निळ्या जाकिटातला एक माणूस आत आला. काखेत फाइल. बुरुलनं मान वळवण्याआधी मागची माशी थांबली.

माणूस अंगणात उभा राहिला, वर बघितलं, पहिल्या मजल्यावरच्या नोटरीच्या कचेरीत गेला. सही घेऊन दहा मिनिटांनी बाहेर पडला. फाटक वाजलं. बुरुल हातात बटाटा घेऊन उभी होती. तिनं मनातल्या मनात आकडे मोजले. पस्तिसाला माशी आली.

तिनं बटाटा खाली ठेवला. कान बिघडतो हे तिला मान्य होतं. पण जाकिटाचा रंग ओळखून थांबण्याइतका कोणाचा कान बिघडत नाही.

तिनं मीटर काढला. एक टोक प्लगच्या न्यूट्रलला लावलं, दुसरं खरवडलेल्या पाइपाला. काटा उठला आणि नवावर उभा राहिला. थोड्या वेळानं माशी थांबली आणि काटा शून्यावर झोपला. मग पुन्हा नऊ. बुरुलनं भिंतीवरच्या पेन्सिलीच्या शून्याकडे पाहिलं. एकोणतीस वर्षं ती त्याला विचारल्याशिवाय त्याच्यावर विसंबली होती. शून्यानं तिला फसवलं नव्हतं. ते एकोणनव्वद सालचं होतं आणि एकोणनव्वद सालापुरतं खरं होतं.

कोणीतरी घरात काहीतरी मोठं चालवत होतं. एक तार विजेची, आणि दुसऱ्या तारेच्या जागी हा पाइप. असं केलं की घरच्या वीजमीटरला पत्ता लागत नाही. बुरुलच्या वर कोणी राहत नव्हतं, नुसतं छत होतं. खालच्या नोटरीची कचेरी रविवारी बंद असायची, आणि माशी रविवारीही असायची. उरले आगाय.

बुरुल अंगणात जाऊन कचरा टाकून आली आणि येताना वर पाहिलं. सगळ्या बंद गॅलऱ्यांच्या काचांवर बर्फाची जाळी होती. आगायांच्या काचा स्वच्छ होत्या. आत हिरवंगार काहीतरी होतं, आणि त्या हिरव्याशेजारी कोट गुंडाळून आगाय बसले होते, फाटकाकडे तोंड करून.

हे त्यांना सांगायचं कसं, हा प्रश्न प्रीअँपपेक्षा अवघड होता. प्रीअँपला लाज नसते. दोन दिवस विचार करून तिनं तिसऱ्या दिवशी पीठ मळलं, बोरसोक तळले, ताटलीवर स्वच्छ फडकं घातलं आणि खाली गेली.

आगायांनी तिला थेट गॅलरीत नेलं. मध्यभागी कुंडीत लिंबाचं झाड होतं, कमरेएवढं, त्यावर पाच लिंबं. खुजंदच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं गेल्या उन्हाळ्यात आणून दिलेलं. शेजारी मोठा हीटर, त्यावर कळ.

"पंचेचाळीस वर्षं मी वर्गात शिकवलं, आपल्याकडे लिंबू होत नाही," आगाय म्हणाले. "फळ्यावर लिहून दिलं. पोरांनी पाठ केलं. आता बघा."

"छान धरलंय, आगाय."

"उणे पाचच्या खाली गेलं की मरतं. पुतण्यानं हीटर जोडून दिला. आपोआप सुरू होतो, आपोआप बंद होतो. सात मिनिटं, मग तीन मिनिटं विश्रांती. मी मोजलंय. मला दुसरं काम काय?"

बुरुलनं हीटरकडे पाहिलं नाही. पानांकडे पाहिलं. "आगाय, वर येता का चहाला? काहीतरी ऐकवायचं आहे."

"गाणं?"

"गाणं नाही. शांतता."

"ती माझ्याकडेही आहे."

"माझ्याकडची बिघडली आहे."

आगायांनी टोपी घातली आणि आले. टेबलापाशी गेरासिमच्या खुर्चीवर बसले. बुरुलनं चहा ओतला, लोण्याची वाटी पुढे सरकवली, आवाज पूर्ण वाढवला. माशी होती. आगायांनी मान तिरकी केली.

"ही का ती?"

"ऐकू येते तुम्हाला?"

"मी म्हातारा आहे, मेलो नाही." त्यांनी बोरसोक चहात बुडवला. "आम्हाला वाटलं तुमचे कान."

"सगळ्यांना वाटलं."

भणभण थांबली. आगायांनी सवयीनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. बुरुलनं किटलीवर झाकण ठेवलं. खिडकीच्या कठड्यावर एक चिमणी येऊन, आत बघून, निघून गेली.

"आता परत येईल," आगाय हळूच म्हणाले.

आणि ती आली.

बोरसोक त्यांच्या हातात होता, अर्धा भिजलेला. तो तुटून कपात पडला. बुरुल त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती लोणी पावाला लावत होती, कडेपर्यंत, अगदी नीट.

आगायांनी विचारलं, "हे ऐकू येतं एवढंच ना? म्हणजे, नुकसान काही..."

"माझं एवढंच. पण हा पाइप नवीन करायचा म्हणतात. नळवाला ल्योन्या येईल, मधला तुकडा कापेल. एक हात वरच्या टोकावर, एक खालच्या. त्या क्षणी वीज त्याच्यातून जाईल."

"ल्योन्या." आगायांनी कप खाली ठेवला. "त्याच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. धाकटीला नद्या पाठ होत नसत."

ते उठले. दारात बूट घालताना त्यांना वेळ लागला. "चुलीवर काहीतरी राहिलंय," ते म्हणाले, आणि खाली गेले. चार मिनिटांनी माशी थांबली.

ती पुन्हा आली नाही. दुसऱ्या दिवशी एक वीजतंत्री आगायांच्या घरी दिवसभर ठोकाठोक करत होता आणि गॅलरीच्या भिंतीवरून दोन पांढऱ्या तारा गेलेल्या दिसू लागल्या. इमारतीच्या दारावरची सूचना कोणीतरी काढून टाकली होती. चार कोपऱ्यांचे चार खिळे राहिले होते. आगाय जिन्यात भेटेनासे झाले. बुरुल वर येताना पावलं वाजवत यायची, त्यांना दार लावून घ्यायला वेळ मिळावा म्हणून.

आता तिच्या घरात बर्फ पडून गेल्यावरचं अंगण होतं. बेचाळिसावा प्रीअँप तिच्या हातचा सगळ्यांत शांत होता. तिचे कान ठीक होते, हे जगात दोन माणसांना माहीत होतं. आणि नवरोजच्या आदल्या दिवशी, वीस मार्चला, बाकीचे तिघं येणार होते.

ते आले. गेरासिम, दंतवैद्य, टॅक्सीवाला. मोजे घातलेले सहा पाय टेबलाखाली रांगेत. आवाज पूर्ण वाढवलेला. काही नाही.

"माशी होती," बुरुल म्हणाली. "सापडली. पाइपात वीज येत होती. आता येत नाही."

"कोणाची?" टॅक्सीवाल्यानं विचारलं.

"पाइपाची."

"पाइप स्वतः वीज बनवतो का, एजे? मग माझ्या घरी एक लावून द्या."

एजे म्हणजे ताई. बुरुलनं एक नाव सांगितलं असतं तर झालं असतं. सतरा खुर्च्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या, एकसारख्या नसलेल्या, वेगवेगळ्या घरांच्या.

"म्हणजे आम्ही यायच्या आधी मेली," गेरासिम म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच बुरुलला सहन झालं नाही. "बुरुल, कोणी काही धरून बसलेलं नाही. ते नवरोजचं वगैरे आम्ही विसरलो."

"मी नाही विसरले."

ती उठली. सळईची तार प्लगातून काढली, हाताच्या पंज्याभोवती गुंडाळली. मीटरच्या तारा गुंडाळल्या. सुट्या भागांचे काडेपेटीचे खण एकावर एक रचले. गेरासिम खिडकीकडे बघत होता. दंतवैद्य आपल्या हातांकडे. तिला कान ठीक असल्याचं माहीत होतं, पण शब्द तिनं कानाच्या भरवशावर दिला नव्हता. तिघांना ऐकवीन असा दिला होता. तिनं पिशवी उघडली.

तेव्हा पाइपावर खालून तीन टोले पडले. टण्, टण्, टण्. चमच्यानं मारल्यासारखे.

इमारतीत असे टोले सगळे मारतात, गाणं मोठं झालं की, पाणी आलं की. टॅक्सीवाला म्हणाला, "आवाज कमी करा म्हणतायत. कसला आवाज?"

आणि प्रीअँपमध्ये माशी सुरू झाली.

कोरडी, स्पष्ट, डब्यात अडकलेली. गेरासिम वळला. त्यानं चष्मा काढला, जणू चष्मा ऐकण्याच्या आड येत होता. दंतवैद्यानं कान स्पीकरला लावला आणि झटकन मागे घेतला.

पुन्हा तीन टोले. माशी थांबली. बर्फ पडून गेलं.

"ही," बुरुल म्हणाली.

मग जिन्यात पावलं वाजली, एकेका पायरीवर थांबत. दारात आगाय उभे होते. डोक्यावर सणाची पांढरी टोपी, छातीवर शिक्षकांचं पदक, हातात बशीवर एक लिंबू.

"मी होतो तो," ते तिघांना म्हणाले. "तोलोगोन, दुसरा मजला. तार पाइपाला मी जोडली होती, म्हणजे पुतण्यानं, पण घर माझं. निळं जाकीट दिसलं की मी प्लग काढायचो." ते गेरासिमकडे वळले. "तुम्हाला मी चार महिने वीजकचेरीचे समजलो. माफ करा."

गेरासिमनं आपल्या जाकिटाच्या बाह्यांकडे पाहिलं. "हे कारखान्याचं आहे," तो म्हणाला. "कारखान्यातलं एवढंच उरलंय."

"आणि आत्ता परत कशाला जोडलंत?" बुरुल म्हणाली. तिचा आवाज खूप दिवसांनी चढला होता. "ल्योन्याचं काय सांगितलं होतं मी?"

"अर्धं मिनिट. ल्योन्याच्या घरी फोन करून विचारलं आधी. तो घरी आहे, सणाची सुमोलोक खीर ढवळतोय." आगायांनी बशी टेबलावर ठेवली, सुट्या भागांच्या खणांशेजारी. "पुतण्याच्या तारेचं टोक मी आता कापून आणलंय." त्यांनी खिशातून वीतभर तार काढून लिंबाशेजारी ठेवली. "सूनबाई, ती पिशवी बंद करा. लिंबू कापा."

बुरुलनं लिंबू कापलं. पातळ सालीचं, आंबट कमी, बियाच जास्त. पाच कपांत पाच चकत्या गेल्या. गेरासिमनं चहा चाखला आणि फार विचार करून म्हणाला, "लिंबू आहे."

"हेच मी फळ्यावर चुकीचं लिहिलं होतं," आगाय म्हणाले.

गेरासिमनं बेचाळिसावा प्रीअँप पुढे ओढला, पितळी स्क्रूवर बांधलेल्या सात तारांकडे वाकून पाहिलं, झाकण लावलं. मग नजर वर न करता म्हणाला, "त्रेचाळिसाव्याचं गिऱ्हाईक आहे. ओशचं. घाई करतंय."

"घाई करू नये म्हणावं."

सळईची तार तिनं पंज्यावरून उलगडली आणि प्लगात लावली. ती तापेपर्यंत पडद्यामागे जाऊन मीटरची दोन टोकं धरली, आधी न्यूट्रलला, मग पाइपाला. बराच वेळ धरली. मग पेन्सिल शोधली आणि जुन्या शून्याखाली दुसरं शून्य काढलं.

आगाय खुर्चीतून मान उंचावून बघत होते.

"तारीख घाला," ते म्हणाले.